माडाच्या नीरेपासून दाणेदार गूळ : मध्य जावातल्या खेड्याची रीत आणि तिचा हिशोब

मध्य जावात स्लामेत हा ३,४०० मीटरहून उंच जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या समुद्राकडे उतरत गेलं की बान्युमास, पुरबालिंगा, चिलाचाप, केबुमेन हे जिल्हे लागतात. इथल्या बऱ्याच खेड्यांत भातखाचरं बेताची, उतार मात्र भरपूर, आणि उतारावर माड. त्यातले निवडक माड नारळासाठी नसतातच. पोय, म्हणजे मिटलेला फुलोरा, कापून त्यांची नीरा काढतात आणि चुलीवर आटवून गूळ करतात. नीरेला तिथेही 'नीरा'च म्हणतात. गुळाला 'गुला', जो संस्कृत 'गुड'वरून आला, आणि खेड्याला 'देसा', जो 'देश'वरून. कोकणातल्या वाचकाला हा उद्योग अर्धा ओळखीचा वाटेल. माडी काढणारा भंडारी किंवा गोव्याचा रेंदेर जे वर करतो तेच तिथला 'पेंदेरेस' करतो. फरक एवढाच की रेंदेराला नीरा आंबलेली चालते, पेंदेरेसाला ती आंबली की दिवसाची मजुरी गेली.

पुढची सगळी माहिती या एका फरकाभोवती फिरते. गूळ चुलीवर बिघडतो असं बघणाऱ्याला वाटतं, पण बहुतेक वेळा तो झाडावरच बिघडलेला असतो. चूल फक्त निकाल सांगते.

पोय धरणे

पोय अजून मिटलेली हवी, पण बुडाशी फुगलेली आणि टोकाशी तडकायच्या बेतात. उघडलेली पोय घेतली तर नारळ धरायला लागलेले असतात आणि रस नीट उतरत नाही. फार कोवळी घेतली तर वाकवताना मोडते. वरचं आवरण सोलून काढावं, आतल्या फुलांच्या काड्या एकत्र आवळून दोरीने किंवा झावळाच्या पट्टीने तीन-चार ठिकाणी बांधाव्यात, आणि खालच्या झावळाच्या देठाला दोरी लावून पोय रोज थोडी खाली ओढावी. एका दिवसात वाकवायचा मोह आवरावा. बुडाशी बारीकशी चीर गेली तरी ती पोय वाया गेली. वाकवताना कोयतीच्या लाकडी मुठीने सर्वांगावर हलके ठोके देतात. आतले तंतू सैल पडावेत हा हेतू, साल फुटता कामा नये.

पाच-सात दिवसांत पोय खाली झुकली की टोक छाटावं. थेंब दिसायला आणखी दोन-तीन दिवस लागू शकतात. दोन आठवड्यांत धार लागली नाही तर ती पोय सोडून पुढची धरावी. एका माडावर एका वेळी दोनपेक्षा जास्त पोयी कापू नयेत. लोभाने तीन धरल्या तर पुढच्या पोयी किरकोळ येतात आणि वर्षाच्या हिशोबात नीरा वाढत नाही.

यानंतर रोज दोनदा टोकाचा पातळ काप घ्यायचा, म्हणजे बंद होऊ लागलेली तोंडं पुन्हा मोकळी होतात. काप केवढा जाड असावा याचं गणित सोपं आहे. दर वेळी ३ मिलिमीटर घेतला तर महिन्याला पोय १८ सेंटिमीटर संपते. ६ मिलिमीटर घेतला तर ३६. नवशिक्याची पोय लवकर संपते ती याच कारणाने, आणि त्यामागे बहुधा बोथट कोयती असते. धारदार पात्याने पातळ काप निघतो. बोथट पातं तंतू चेंगरतं, रस कमी येतो, म्हणून तो पुन्हा कापतो. खाली उतरलं की पातं दगडावर घासायचं, हे जेवणाआधीचं काम समजावं.

पोंगकोर आणि लारू

नीरा धरायची बांबूची नळी म्हणजे 'पोंगकोर'. एका पेराची, दीड-दोन लिटर मावेल अशी, वर दोरीची कडी. आता प्लास्टिकचे डबेही सर्रास दिसतात. बांबू हलका आणि फुकटचा, पण त्याच्या आतल्या रेषांत यीस्ट घर करून बसतं. प्लास्टिक धुवायला सोपं, मात्र उकळतं पाणी सोसत नाही. कोणतंही घ्या, नियम एकच : कालचा पोंगकोर आज न धुता वर जाऊ नये. आधी साध्या पाण्याने खळखळून, मग उकळत्या पाण्याने, मग उलटा टांगून पूर्ण सुकवायचा. बांबूचा असेल तर चुलीच्या धुरावर धरतात. म्हणूनच एका माडामागे एक नव्हे, दोन पोंगकोर लागतात : एक वर, एक खाली सुकत. हा दुसरा संच नसणं हे खराब गुळाचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे.

पोय कापल्या क्षणापासून हवेतली आणि किड्यांच्या पायांवरची सूक्ष्म जीवसृष्टी कामाला लागते. यीस्ट सुक्रोजचे तुकडे करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनवतं, त्याची पुढे दारू होते, दारूचा आंबूसपणा होतो. गूळ घट्ट बसतो तो सुक्रोजमुळे. ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त झालं की पाक कितीही आटवा, काकवीसारखा चिकट राहतो. बान्युमासकडे अशा न बसणाऱ्या गुळाला 'गुला गेंबलुंग' म्हणतात.

यावर उपाय 'लारू'. हे चुन्याचं आणि तुरट सालीचं पाणी रिकाम्या पोंगकोरच्या तळाशी घालूनच तो वर टांगतात. १ लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम विझवलेला, पानाला लावायचा शुद्ध चुना आणि मूठभर सुकलेल्या मँगोस्टीनच्या सालींचा चुरा घालून रात्रभर ठेवावं. मँगोस्टीन हे आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ, पण त्याची साल जाड आणि चांगलीच तुरट. साल मिळत नसेल तिथे फणसाच्या लाकडाच्या ढलप्या वापरतात. वापरताना मिश्रण तळापासून ढवळून एका पोंगकोरमागे एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर घालावं. चुना आंबटपणा मारतो, तुरट द्रव्य यीस्टला आवरतं.

हे झालं सुरुवातीचं माप. खरं माप पीएचची, म्हणजे आंबटपणा दाखवणारी, पट्टी सांगते; आकडा जितका खाली तितकी नीरा आंबट. सकाळी उतरवलेल्या नीरेचा पीएच ६ ते ७ हवा. साडेपाच ते सहाच्या दरम्यान असेल तर साच्यातला गूळ होईल, दाणा होणार नाही. साडेपाचच्या खाली गेला तर गेंबलुंगची तयारी ठेवावी. उलट ७ च्या बराच वर गेला, म्हणजे चुना जास्त झाला, तर गूळ काळपट होतो आणि जिभेवर कडवट, चुनखडीसारखा उतरतो. पावसाळ्यात पोंगकोरमध्ये पाणी शिरून लारू पातळ होतो, म्हणून त्या दिवसांत तोंडावर झावळाच्या पात्याची किंवा प्लास्टिकची टोपी घालावी आणि मगच चमचा सव्वा करावा. बरेच जण टोपी न घालता नुसता चुना वाढवतात आणि मग रंगाची तक्रार करतात.

गावच्या दुकानात एक पांढरी पूडही मिळते, लोक तिला नुसतं 'गुळाचं औषध' म्हणतात. ते सोडियम मेटाबायसल्फाइट. त्याने नीरा टिकते, गूळ पिवळाधमक निघतो आणि मेहनत वाचते. पण सेंद्रिय म्हणून जाणाऱ्या मालात ते अजिबात चालत नाही. एका घराने चिमूटभर घातलेलं सगळ्या गटाच्या पोत्यांत मिसळतं, आणि तपासणीत सापडलं की सगळा माल परत येतो. दम्याच्या रुग्णाला सल्फाइट त्रास देतं, ते वेगळंच.

वर चढणे

सकाळची फेरी उजाडताच, दुपारची तीन-चारनंतर. रात्रीची नीरा जास्त असते आणि जास्त वेळ टांगलेली असते, म्हणून सकाळी उशीर परवडत नाही. खोडात दर ४०-५० सेंटिमीटरवर खाच असते. खाच पाडताना तिचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता ठेवावा. सपाट किंवा आत उतरलेल्या खाचेत पाणी साचतं, शेवाळ धरतं, खोड कुजतं, आणि पाय तिथेच घसरतो.

पंचवीस माड, सरासरी १५ मीटर, दिवसातून दोनदा : ही ७५० मीटर उभी चढण झाली. बारी गावातून कळसूबाई गाठायला जेवढं चढावं लागतं त्याच्या जवळपास, तेही रोज, कमरेला कोयती आणि पोंगकोर लावून. दोर-पट्टा वापरा असं सांगणं सोपं आहे. पण माडामागे तीन मिनिटं वाढली तर पन्नास चढांना अडीच तास वाढतात, आणि तेवढ्यात पहिल्या माडाची नीरा आंबू लागते. पट्टे वाटले जातात आणि खुंटीला राहतात ते या हिशोबामुळे. म्हणून निदान एवढं पाळावं : पाऊस चालू असताना चढू नये, पाऊस थांबल्यावर खोड निथळेपर्यंत थांबावं, वीज चमकत असेल तर त्या दिवशीची नीरा सोडून द्यावी, आणि हिरवट शेवाळ आलेल्या खाचा आठवड्याला खरवडाव्यात. जुने उंच माड पहाटेच्या अंधुक उजेडात पहिल्यांदा घेऊ नयेत, शेवटी घ्यावेत.

पडण्याचा खर्च मात्र आधीच भागवता येतो. इंडोनेशियात पगार नसलेल्या कामगारालाही 'बीपीजेएस केतेनागाकर्जान' या सरकारी कामगार विमा योजनेत स्वतः नाव घालता येतं. अपघात आणि मृत्यू मिळून सगळ्यात खालच्या टप्प्याची वर्गणी २०२४ मध्ये महिन्याला १६,८०० रुपिया होती, म्हणजे अदमासे एका किलो गुळाची किंमत. नाव घालतात, पण तीन-चार महिन्यांनी भरणं राहून जातं. वर्गणी चुकलेल्या महिन्यात पडलं तर हाती काही येत नाही. गूळ विकत घेणाऱ्या गटाने ती मालाच्या पैशातून परस्पर कापून भरावी, हीच टिकणारी पद्धत.

आटवणे

चुलीचं काम बहुधा घरातली बाई करते, आणि गुळाचा भाव तिच्या हातात असतो. नीरा खाली आली की आधी बारीक जाळीतून, मग कापडातून गाळावी. मधमाश्या, मुंग्या, पोयीची फुलं राहिली तर शेवटी काळे ठिपके दिसतात. उतरवल्यापासून दोन-तीन तासांत नीरा उकळीला लागली पाहिजे. संध्याकाळची नीरा लगेच खळखळून उकळून, मळी काढून, झाकून ठेवतात आणि सकाळच्यात मिसळतात. नुसती कोमट करून ठेवली तर यीस्टला ती रात्रभर गोधडीच.

काहील दोन-तृतीयांशपेक्षा जास्त भरू नये. पहिल्या उकळीला करडा फेस आणि मळी वर येते; झाऱ्याने ती पूर्ण काढावी. गुऱ्हाळात गुळव्या जसा मळीवर नजर ठेवतो तसंच. इथे घाई केली की गुळाला धुरकट रंग आणि मातकट चव. मग पाक फुगून वर येऊ लागतो. तेव्हा चिमूटभर खवलेला नारळ किंवा खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब टाकले की तो खाली बसतो. थेंब म्हणजे थेंबच : तेल जास्त झालं तर दाण्यांचे गोळे होतात आणि महिन्याभरात खवट वास येतो.

२५ लिटर नीरेला चार-पाच तास लागतात. शेवटचा अर्धा तास सोडून जाळ मोठा चालतो. बुडबुडे लहान, जड आणि डोळ्यांसारखे उघडमीट करू लागले की चुलीतून लाकडं मागे ओढावीत आणि नुसत्या निखाऱ्यांवर, तळ घासत, हलवत राहावं. या टप्प्यावर कोणी बोलवायला आलं तरी उठू नये.

कुठे थांबायचं हे थंड पाण्याच्या वाटीत कळतं. थेंब टाकून बोटाने गोळा केला आणि घट्ट गोळी झाली तर साच्याचा पाक. गोळी वाटीच्या कडेवर आपटून कट्ट वाजली, मोडली, तर दाण्याचा. थर्मामीटर असेल तर साच्यासाठी सुमारे ११५ ते ११६ अंश सेल्सिअस, दाण्यासाठी ११८ ते १२०. पण डोंगरउताराच्या गावात हे आकडे डोळे मिटून घेऊ नयेत. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते बघावं आणि त्यात साच्यासाठी १५-१६, दाण्यासाठी १८-२० मिळवावेत. याने थर्मामीटरची स्वतःची चूकही धुऊन निघते.

लाकडाचा हिशोब कोणी करत नाही, म्हणून इथे करू. २५ लिटरमधून साधारण २२-२३ लिटर पाणी वाफ करायचं आहे. दगडमातीच्या उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा सहावा-सातवा हिस्साच काहिलीला मिळतो असं धरलं, तर कोरडं लाकूड २५ किलोच्या आसपास जळतं, म्हणजे किलोभर गुळामागे ७-८ किलो. ओलं लाकूड असेल तर याहून जास्त, आणि धूर फुकट. काहिलीच्या काठापर्यंत बंद असलेली, मागे दुसरं भांडं बसणारी आणि धुराडं असलेली चूल बांधली तर मागच्या भांड्यात पुढची नीरा गरम होते. झावळाचे देठ, नारळाची सोडणं आणि पोयींची आवरणं मे ते सप्टेंबरच्या कोरड्या महिन्यांत छपराखाली रचून ठेवावीत. पावसाळ्यात लाकूड विकत घेणारं घर त्या हंगामात तोट्यातच असतं.

साचा की दाणा

साच्याचा गूळ, 'गुला चेताक', करायला सोपा. काहील उतरवून पाक थोडा घोटला, कडेला फिकट रेषा दिसली की ओल्या केलेल्या करवंट्यांत किंवा बांबूच्या कड्यांत ओतायचा. तासाभरात ढेप सुटते. स्वयंपाकघराचा, दावेत आणि चेंदोल या थंड पेयांचा, आणि गोड सोयासॉस म्हणजे 'केचाप मानिस' बनवणाऱ्या कारखान्यांचा हा गूळ.

दाणेदार गुळाला 'गुला सेमुत' म्हणतात. सेमुत म्हणजे मुंगी. वारुळाच्या मातीसारखा दिसतो म्हणून. पाक चुलीवरून उतरवून दहाएक मिनिटं अजिबात न हलवता ठेवावा. लगेच घोटला तर एकच मोठा खडा होतो, फार थांबलं तर काहिलीतच दगड. कडेला पांढरट साय धरली की लाकडी दाताळ्याने कडेकडून मध्याकडे, आधी सावकाश, मग जोरात घोटायचं. पाच-दहा मिनिटांत चकाकी जाते, मग तो अचानक कोरडा पडतो आणि फुगतो. हीच वेळ. करवंटीच्या पाठीने रगडून गुठळ्या फोडाव्यात, गरम असतानाच चाळावं, वर राहिलेले खडे पुन्हा रगडावेत. चाळलेला गूळ उन्हात, पातळ कापडाखाली, किंवा ५०-६० अंशांच्या कपाटात सुकवावा.

इंडोनेशियाच्या १९९५ च्या राष्ट्रीय मानकात साच्याच्या गुळात जास्तीत जास्त १० टक्के पाणी चालायचं, दाणेदारमध्ये ३ टक्केच. सुक्रोज अनुक्रमे किमान ७७ आणि ९० टक्के. या चार आकड्यांत दोन्ही मालांतला सगळा फरक आला. घरी मापायला यंत्र नसतं. गूळ मुठीत दाबून मूठ उघडली आणि तो वाळूसारखा सुटला तर ठीक, लाडू राहिला तर पुन्हा सुकवावा. पूर्ण थंड झाल्याशिवाय पिशवी बांधू नये, आतल्या वाफेनेच ढेकूळ होतं. पिशवी दुहेरी, सिमेंटच्या जमिनीवर नव्हे तर फळीवर.

गेंबलुंग झालाच तर त्यात पांढरी साखर ढकलून तो बसवायचा उपाय सगळ्या गावाला माहीत असतो. ढेप बसते खरी, पण फिकट, काचेसारखी कडक आणि चवीला पोकळ. गोळा करणारा अनुभवी असेल तर तोडतानाच ओळखतो. त्यापेक्षा तो पातळ गूळ वेगळ्या डब्यात साठवून सोयासॉसवाल्याला कमी भावाने द्यावा आणि त्या रात्री पोंगकोर दुप्पट काळजीने धुवावेत. एकाच माडाची नीरा सारखी आंबत असेल तर तो पोंगकोर जाळून टाकावा. सगळ्याच माडांची आंबत असेल तर चुना जुना, हवेत मेलेला आहे.

घराचा हिशोब

पंचवीस माड, माडामागे दिवसाला १ लिटर, साडेसात-आठ लिटरला १ किलो : दिवसाला सव्वातीन किलो गूळ. उदाहरणापुरता किलोचा भाव १५,००० रुपिया धरला तर दिवसाचे ४८-४९ हजार, महिन्याचे साडेचौदा लाखांच्या आसपास. आकडा ऐकायला मोठा, पण बान्युमास जिल्ह्यातलं किमान मासिक वेतन २०२४ मध्ये सुमारे २२ लाख रुपिया होतं, आणि ते एका माणसाच्या कामाचं. इथे नवरा झाडावर आणि बायको चुलीवर, दोघांची मिळून ही कमाई आहे, लाकूड वजा न करता. माड दुसऱ्याचे असतील तर निम्मा गूळ मालकाचा. दिवस वाटून घेण्याची पद्धत यात बरी : ठरलेले दिवस मालकाचे, ठरलेले आपले. किलो मोजून वाटणी केली की रोज भांडण.

तरीही लोक हे का करतात? कारण पैसा रोज येतो. भाताचं पीक तीन-चार महिन्यांनी, नारळ दीड-दोन महिन्यांनी, गूळ मात्र आज. आणि याच रोजच्या गरजेत 'पेंगेपुल', म्हणजे गूळ गोळा करणारा, बसलेला असतो. त्याचंच दुकान असतं, तोच तांदूळ, तेल, शाळेची फी उधार देतो. बदल्यात सगळा गूळ त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावाने. त्याला खलनायक ठरवून भागत नाही. रात्री दहा वाजता दवाखान्यासाठी पैसे देणारा गावात तोच एक असतो. सुटायचं असेल तर उधारी आणि विक्री वेगळ्या करायला हव्यात. आधी वहीत दोन रकाने : किती किलो दिले, किती भाव लावला. महिन्याच्या शेवटी बाजारभावातला फरक गुणून बघितला की कर्जाचं खरं व्याज कळतं. मग गटाच्या बचतीतून किंवा 'अरिसान'च्या पाळीतून, म्हणजे तिथल्या भिशीतून, ते कर्ज एकरकमी फेडून काटा बदलायचा. अर्धवट फेडून माल दुसरीकडे नेला तर पुढच्या आजारपणात दार बंद.

दाणेदार गुळाला साच्याच्या गुळापेक्षा जास्त भाव मिळतो, आणि प्रमाणित सेंद्रिय असेल तर आणखी. त्यासाठी घरोघरची नोंद लागते : माडांची संख्या आणि नकाशा, खत-औषध न वापरल्याची लेखी हमी, स्वयंपाकघराची पाहणी. गोठा आणि कोंबड्या चुलीपासून वेगळ्या, दिव्याला झाकण, जमीन झाडता येईल अशी. हे सगळं गावकरी करू शकतात. एक गोष्ट मात्र सही करण्याआधी विचारावी : प्रमाणपत्र कोणाच्या नावावर? निर्यातदाराच्या नावावर असेल तर त्याला सोडून दुसऱ्याला विकलेला तोच गूळ कागदावर साधा होतो. गटाने किंवा सहकारी संस्थेने स्वतःच्या नावावर घ्यायचं तर वार्षिक तपासणीचा खर्च आणि आतल्या तपासनिसांचा पगार किलोमागे किती पडतो ते आधी मांडावं. पुरेसा माल नसलेल्या गटाला ते झेपत नाही. तेव्हा शेजारच्या दोन-तीन देसांनी एकत्र यावं.

गावाकडून काय मिळवता येतं

२०१४ च्या ग्रामकायद्यानंतर, २०१५ पासून, केंद्राचा 'दाना देसा' हा निधी देसांना मिळतो. असे देसा सुमारे ७५,००० आहेत. पैसा कशावर जाईल हे ग्रामसभेत ठरतं आणि पुढच्या वर्षाचा आराखडा जुलैपासून तयार होऊन सप्टेंबरअखेर मंजूर व्हायचा असतो. पेंदेरेसांचे गट चुलीसाठी किंवा सुकवणीच्या कपाटासाठी नोव्हेंबरात अर्ज घेऊन जातात, तेव्हा रस्त्याच्या काँक्रीटवर शिक्का बसलेला असतो. मागणी जूनमध्येच, घरांची यादी आणि दर घराचे किलो लिहून द्यावी. गावाची स्वतःची कंपनी, 'बुमदेस', गूळ खरेदीत उतरवायची असेल तर तिच्याकडे रोज रोख देण्याएवढं भांडवल आहे का हे पाहावं. आठवड्याने पैसे देणाऱ्या बुमदेसकडे तिसऱ्या आठवड्यात कोणी माल आणत नाही.

माणसांचा प्रश्न मात्र निधीने सुटणारा नाही. तरुण मुलगे जकार्ताला बांधकामावर जातात, चिलाचापकडून मोठ्या संख्येने तैवान, हाँगकाँग, मलेशियाला. हे सगळ्यांना दिसतं. कमी दिसतं ते दुसरं : पुरबालिंगात कोरियन मालकीचे खोट्या पापण्यांचे आणि केसांच्या टोपांचे कारखाने आहेत आणि त्यांना बायकांचे हात लागतात. नवरा अजून चढू शकतो, पण चार तास काहिलीपाशी बसायला घरात कोणी नाही, म्हणून माड सुटलेली घरं तिथे आहेत. अशा गावात सामाईक भट्टीचा विचार करावा. पाच-सहा घरांची नीरा एका जागी, पीएच बघून, मोजून, पगारी हातांनी आटवायची. अट एकच : पट्टीवर सहाच्या खाली उतरलेली नीरा दाण्याच्या काहिलीत जाता कामा नये. एकाची आंबट नीरा पाच जणांचा दाणा बसू देत नाही, आणि ज्याची परत पाठवली तो रुसतो. म्हणून पट्टी सगळ्यांसमोर बुडवावी.

चढणं कमी करायचा खरा मार्ग म्हणजे बुटका माड. केबुमेनकडची 'गेंजा एंतोक' ही बुटकी जात यासाठी लावली जाते. बुटका माड तीन-चार वर्षांत पोय देतो, उंच जातीला सहा-सात वर्षं लागतात. पहिली काही वर्षं जमिनीवर उभं राहून किंवा छोट्या शिडीवरून पोय कापता येते. वयस्कर माणसाला, आणि बाईलाही, हे काम जमतं. जुने माड एकदम तोडू नयेत. पन्नास असतील तर वर्षाला दहा बदलावेत, म्हणजे रोजचा पैसा तुटत नाही. खड्डा ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, वरची माती वेगळी ठेवून कुजलेल्या शेणखतात मिसळून परत भरायची, रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसात, नारळ मातीत आणि कोंब वर. दोन बुटक्या माडांत ६ मीटर अंतर ठेवावं. तोडलेल्या जुन्या माडाची खोडं मात्र बागेत पडू देऊ नयेत. त्या कुजत्या लाकडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढे तोच नव्या माडाचा कोंब पोखरतो. खोड चिरून फळ्या कराव्यात, उरलेलं चुलीत, आणि बुंधा मातीने पूर्ण झाकावा.